रेडिओच्या पलीकडची खुर्ची

अंध माणसाचे आणि रेडिओचे नाते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सिनेमा, दूरचित्रवाणी, वर्तमानपत्र यांतून डोळस माणसाला जे मिळते त्यातले काही ना काही अंध माणसाच्या वाट्याला येत नाही. शेजारी बसून कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला वेळ नसला की ते राहून जाते. रेडिओत असे काही राहून जात नाही. क्रिकेटचे धावते समालोचन असो, नभोनाट्य असो की सकाळच्या बातम्या, डोळसाच्या आणि अंधाच्या कानावर सारखाच ऐवज पडतो. 1957 साली विविध भारती सुरू झाली आणि मागोमाग ट्रान्झिस्टर घरोघर आले, तेव्हा यंत्रही हाताला वश होते. खटका दाबला की चालू, एक चकती आवाजाची, दुसरी स्टेशनची. मुंबई केंद्र कुठे लागते आणि विविध भारतीसाठी चकती किती फिरवायची, हे बोटांना पाठ असायचे. संच कुणाच्या मदतीशिवाय चालायचा.

ब्रिटनमध्ये हे नाते फार लवकर ओळखले गेले. गरजू अंधांना रेडिओ संच द्यायचे म्हणून 1928 साली तिथे एक निधी सुरू झाला आणि 1929 च्या नाताळच्या दिवशी विन्स्टन चर्चिल यांनी त्यासाठी रेडिओवरूनच लोकांना देणग्यांचे आवाहन केले. पुढे 1935 मध्ये तिथे अंधांसाठी ध्वनिमुद्रिकांवरची बोलकी पुस्तके निघाली. अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा पहिल्या दोन पुस्तकांत होती, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. अंधांना आधी उपदेशपर काहीतरी द्यावे, असे देणाऱ्यांना वाटले नाही. इतरांना जे वाचावेसे वाटत होते तेच त्यांनी दिले.

या सगळ्या इतिहासात अंध माणूस श्रोता आहे. रसिक, जाणकार, पण श्रोता. माईकच्या पलीकडची खुर्ची, ध्वनिमुद्रण, संपादन, कार्यक्रमांची मांडणी, प्रसारण ही सगळी कामे डोळसांची, असे न बोलता ठरून गेले होते. संगणकाने ही वाटणी बदलता येते हे दाखवून दिले. ती कशी बदलते आणि त्यासाठी हाताशी काय लागते, हा या पुस्तकाचा विषय आहे. संगणकावर रेडिओ ऐकण्यापासून सुरुवात करून स्वतःचा कार्यक्रम मुद्रित करणे, तो कापून-जोडून नीट करणे आणि शेवटी थेट प्रसारण करणे इथपर्यंत ते अंध विद्यार्थ्याला नेते, आणि सगळे काही कीबोर्डवर, मराठीत. असे पुस्तक नाशिकमध्ये तयार व्हावे याचा मला मनापासून आनंद आहे.

रेडिओ संगणकात आणि फोनमध्ये आला तेव्हा त्याचा पसारा प्रचंड वाढला. आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या आज एका अ‍ॅपवर मिळतात. दिल्लीत नोकरीला गेलेल्या मुलीला तिथे बसून मराठी कार्यक्रम ऐकता येतात. पण त्याच वेळी चकती काचेआड गेली. सपाट पडद्यावर बोट फिरवले तर कुठे काय आहे हे हाताला कळत नाही. तिथे स्क्रीन रीडर मदतीला येतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर. तो नेमके काय करतो हे समजून घेतले तर या विषयातली निम्मी अडचण आणि निम्मा उपाय दोन्ही हाती लागतात.

स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. तो विंडोजला किंवा अँड्रॉइडला विचारतो, ‘आत्ता आपण जिथे आहोत तिथे काय आहे?’ उत्तरात तीन गोष्टी यायला हव्यात: वस्तूचे नाव, तिचा प्रकार आणि तिची सध्याची स्थिती. ‘प्ले, बटण’ किंवा ‘आवाज, स्लायडर, 60 टक्के’ असे ऐकू आले की माणूस पुढे सरकतो. आता समजा, अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणावर त्रिकोणाचे सुंदर चित्र टाकले, पण त्या बटणाला नाव दिले नाही. डोळसाला काही अडत नाही. अंधाच्या कानावर मात्र ‘बटण’ एवढेच येते. पुढे सरकले की पुन्हा ‘बटण’, पुन्हा ‘बटण’. मोठ्या सोसायटीत एका रात्रीत सगळ्या दारांवरच्या पाट्या काढून टाकाव्यात, तशी ही अवस्था. प्रत्येक दार वाजवून पाहायचे आणि आत कोण आहे ते लक्षात ठेवायचे. पुढच्या महिन्यात अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की दारांचा क्रमही बदललेला असतो.

बटणाला नाव देणे हे प्रोग्रामरचे एका ओळीचे काम आहे. त्याला पैसा लागत नाही, वेगळे यंत्र लागत नाही. तरी ते राहते, कारण अ‍ॅप तपासणाऱ्यांत डोळे मिटून तपासणारा कुणी नसतो. मला यात दुष्टपणा दिसत नाही, पण निष्काळजीपणा नक्की दिसतो. आणि तो वर्षानुवर्षे, आवृत्ती दर आवृत्ती होत राहिला तर त्याला साधी चूक म्हणता येणार नाही. 2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधितांची संख्या सुमारे 50 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेसहा लाख नोंदली गेली. एवढ्या श्रोत्यांना दाराबाहेर ठेवणे कोणत्याही रेडिओला परवडू नये.

स्क्रीन रीडरचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. यातली काही प्रमुख अवजारे अंधांनीच घडवली आहेत. अमेरिकेतले टेड हेंटर मोटारसायकलच्या शर्यतींत उतरत. 1978 मधल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते प्रोग्रामिंग शिकले आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीने जॉज हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर बाजारात आणले. आजही अनेक कार्यालयांत आणि प्रशिक्षण केंद्रांत जॉजच वापरले जाते. त्याची किंमत मात्र आपल्याकडच्या सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. ती अडचण ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी दूर केली. मायकेल करन आणि जेम्स तेह हे दोघे अंध. लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली होती. करन यांनी 2006 मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतले, तेह त्यांना येऊन मिळाले, आणि जगभरच्या अंधांना विनामूल्य स्क्रीन रीडर मिळाला. दिंडोरी-सुरगाण्याकडून नाशिकला शिकायला आलेल्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर आज जो आवाज बोलतो, तो बहुतेक वेळा एनव्हीडीएचा असतो. ओळख झाली ती संगीत शिबिरात, हे मी मुद्दाम सांगितले. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दुसरी एक कहाणी समांतर चालली होती. 1997 मध्ये जस्टिन फ्रँकेल या अमेरिकन तरुणाने विनअँप हा गाणी वाजवणारा प्रोग्राम काढला. तो दिसायला रंगीबेरंगी होता, पण त्याची एक खुबी होती. कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीतली पाच अक्षरे ओळीने कामाला लावली होती: झेड मागचे गाणे, एक्स सुरू, सी क्षणभर थांबवा, व्ही बंद, बी पुढचे गाणे. पाच बोटांखाली अख्खा प्लेयर. डोळसांना ही सोय होती. अंधांना ट्रान्झिस्टरची चकती परत मिळाली. जगभरचे अंध विनअँपला इतकी वर्षे धरून राहिले त्याचे कारण हेच. फ्रँकेल यांच्याच कंपनीने पुढे शाउटकास्ट आणले, आणि घरातल्या संगणकावरून इंटरनेटवर रेडिओ चालवणे सामान्य माणसाला शक्य झाले. 1999 मध्ये अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनेने स्वतःचा इंटरनेट रेडिओ काढला. तो उभा करणारे जोनाथन मोझेन हेही अंध, आणि राहणारे न्यूझीलंडचे. अंध निवेदक, अंध तंत्रज्ञ आणि अंध संचालक असलेले केंद्र जगभर ऐकू येऊ लागले. रेडिओलहरींचा परवाना आणि मनोरा लागत होता तोवर हे घडणे कठीण होते.

त्याच फ्रँकेल यांनी नंतर रीपर हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर लिहिले. व्यावसायिक स्टुडिओत चालणारे, पण किमतीला माफक. आणि त्याला स्क्रीन रीडरशी बोलते करणारी ओसारा नावाची जोड लिहिली ती एनव्हीडीएच्या जेम्स तेह यांनी. संगीत शिबिराचा धागा तो हा. ज्याला स्वतःला वाजवायचे आणि मुद्रित करायचे होते, त्यानेच आधी संगणक बोलका केला आणि मग स्टुडिओ. थेट प्रसारणासाठी स्टेशन प्लेलिस्ट नावाचे सॉफ्टवेअर आहे. त्यासाठीची एनव्हीडीएची खास जोड जोसेफ ली या अंध प्रोग्रामरने पुढे वाढवत नेली. गाणे संपायला किती सेकंद उरले ते ती सांगते, गाणे संपत आले की इशारा देते, माईक चुकून चालू राहिला तर सावध करते. डोळस निवेदक हे सगळे पडद्यावरच्या घड्याळात आणि लाल दिव्यात पाहतो. तीच माहिती कानावाटे देता येते, एवढे कुणाच्या तरी लक्षात यायला हवे होते.

मी स्वतः अंध नाही. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे हे माझे काम, आणि या विषयाशी माझा संबंध त्यातूनच आला. सुरुवातीला माझी समजूत अशी होती की मुद्रण आणि संपादन आम्ही करायचे आणि विद्यार्थ्यांनी ऐकायचे. एका संध्याकाळी स्पर्धा परीक्षेसाठीच्या इतिहासाचे प्रकरण वाचून झाले होते, मध्ये भंगारवाल्याची आरोळी आली होती, कुकरच्या दोन शिट्ट्या होत्या, एक ओळ मी दोनदा वाचली होती. ज्याच्यासाठी ते वाचले तो पूर्ण अंध विद्यार्थी म्हणाला, ‘ताई, द्या इकडे, मी करतो.’

त्याने ऑडॅसिटी उघडली. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि 2000 सालापासून उपलब्ध आहे. डोळस माणूस त्यात निळ्या लाटांचे चित्र पाहतो आणि माउसने हवा तो तुकडा पकडतो. या मुलाने माउस बाजूला सारला. स्पेसबार दाबून ऐकायला लागला. आरोळी सुरू होण्याच्या किंचित आधी डावा चौकटी कंस, आरोळी संपल्यावर उजवा चौकटी कंस. तुकडा निवडून झाला. मग त्याने सी दाबले. ऑडॅसिटीत सी दाबले की निवडलेला तुकडा वगळून त्याच्या आधीचे आणि नंतरचे सलग ऐकू येते. तुकडा कापल्यावर कसे वाटेल, ते कापण्याआधीच कळते. त्याला जोड खटकली. कंस पुन्हा दाबून त्याने सीमा थोडी मागे घेतली, पुन्हा सी, आणि मग डिलीट. दोनदा वाचलेल्या ओळीतली पहिली काढली, दुसरी ठेवली, कारण दुसऱ्या वेळी मी सन नीट उच्चारला होता. एका ठिकाणी थांबून म्हणाला, ‘इथला तुमचा श्वास मी ठेवलाय. काढला तर तुम्ही धावत धावत वाचताय असं वाटतं.’ पुढच्या पानावर त्याने विचारले, ‘इथून पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलंत का? आधी पंखा चालू होता, इथे नाहीये.’ खरे होते. लाटांच्या चित्रात ते माझ्या नजरेला कधीच आले नसते.

आवाजाची पातळी तो कशी पाहणार, हा प्रश्न माझ्या मनात होता. डोळसांना हिरव्या-लाल पट्ट्या नाचताना दिसतात. त्याने सगळे निवडून अ‍ॅम्प्लिफाय ही खिडकी उघडली. ती उघडताच तिथे एक आकडा आधीच भरलेला असतो: मुद्रणातला सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेपर्यंत न्यायला किती डेसिबल वाढवावे लागेल, तो आकडा. स्क्रीन रीडरने आकडा वाचला, चारच्या आसपास होता. म्हणजे वर तेवढी जागा शिल्लक आहे. आकडा शून्य आला असता तर आवाज छताला टेकला असण्याची, म्हणजे फाटला असण्याची शक्यता. काही न बदलता त्याने एस्केप दाबून खिडकी बंद केली. पट्टीऐवजी आकडा, आणि तो पट्टीपेक्षा अचूक. ही युक्ती या पुस्तकाच्या संपादनाच्या प्रकरणात आली आहे. ती वाचताना मला तो मुलगा आठवला.

लोक अशा वेळी म्हणतात, देव एक इंद्रिय काढून घेतो आणि दुसरे तीक्ष्ण करतो. मला हे वाक्य मुळीच मान्य नाही. त्यात त्या मुलाचे श्रम पुसले जातात. कानाने काम करायची त्याला रोजची सवय होती, कळा पाठ करायला त्याने कित्येक रात्री घातल्या होत्या आणि त्याच्या हाती त्याला प्रतिसाद देणारे सॉफ्टवेअर होते. यातले शेवटचे नसते तर पहिली दोन असून उपयोग झाला नसता. अंधांच्या प्रशिक्षणात आपण दीर्घकाळ खुर्च्या विणणे, मेणबत्त्या, टेलिफोन ऑपरेटरचे काम यांत अडकून राहिलो. त्या कामांनी अनेकांचे संसार उभे केले, त्यांचा अनादर नको. पण टेलिफोन बोर्ड गेले आणि बोलकी पुस्तके, पॉडकास्ट, जाहिरातींचे आवाज, व्याख्यानांचे ध्वनिसंपादन अशी नवी कामे आली. ध्वनिसंपादन अंधांसाठी छंदवर्ग म्हणून न शिकवता रोजगाराचे कौशल्य म्हणून, परीक्षा आणि प्रमाणपत्रासह शिकवले जावे, हे माझे ठाम मत आहे.

थेट प्रसारणात आणखी एक पेच येतो, आणि तो डोळसांच्या ध्यानात सहसा येत नाही. निवेदक बोलतो आहे, गाणे वाजते आहे आणि त्याच संगणकावर स्क्रीन रीडरही बोलतो आहे. तिन्ही आवाज एकाच वाटेने बाहेर पडले तर श्रोत्यांना निवेदनाच्या मध्येच ‘फाइल मेनू’ ऐकू येईल. उपाय साधा आहे. यूएसबीवर चालणारे दुसरे स्वस्त साउंड कार्ड लावायचे आणि एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये त्याचा आवाज त्या कार्डावर वळवायचा. मग प्रसारण एका वाटेने जाते आणि स्क्रीन रीडर फक्त निवेदकाच्या एका कानात बोलतो. दुसऱ्या कानात कार्यक्रम. दोन कानांत दोन प्रवाह आणि तोंडाने तिसरे बोलायचे, हे सरावानेच जमते. आणखी एक सूचना पुस्तकात दोनदा आली आहे, आणि ती दोनदाच यायला हवी होती: स्क्रीन रीडर बोलताना बाकीचे आवाज आपोआप खाली आणण्याची सोय एनव्हीडीएत आहे. रेडिओ ऐकताना ती उपयोगी, पण संपादनाला बसताना बंद करावी. नाहीतर आवाज मुद्रणातच कमी झाला की स्क्रीन रीडरने दाबला, हे कळत नाही.

मराठीची अडचण वेगळी. निवेदकाला संहिता लागते. आपल्याकडे पुष्कळ कार्यालयांत आणि छापखान्यांत अजून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप होतो. तो पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि ऐकणाऱ्याला अर्थहीन खडखडाट ऐकू येतो. डोळस सहकाऱ्याने संहिता युनिकोडमध्ये पाठवली, तर अंध निवेदक ती कानाने ऐकून त्याच ओघात बोलू शकतो किंवा ब्रेल डिस्प्लेवर वाचू शकतो. संस्थांना मी इतकेच विनवीन की युनिकोडचा आग्रह धरा. मराठी आवाजांची अवस्था आता बरी आहे. एनव्हीडीएबरोबर मिळणारा ईस्पीकचा मराठी आवाज यांत्रिक आहे, नवख्याला तो ऐकवतही नाही. पण तो अत्यंत वेगाने बोलला तरी अक्षरे सुटी राहतात आणि हलक्या संगणकावरही तो लगेच प्रतिसाद देतो. म्हणून सरावलेले अंध वापरकर्ते कामाला तो पसंत करतात आणि कादंबरी ऐकायला मृदू, मानवी आवाज लावतात. दोन गरजा, दोन आवाज.

महाराष्ट्रात या दिशेने पावले पडली आहेत. नागपूरची द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन ही जुनी संस्था आणि सक्षम ही संघटना यांनी मिळून 2022 मध्ये ‘रेडिओ अक्ष’ हा दृष्टिबाधितांसाठीचा इंटरनेट रेडिओ सुरू केला. पुस्तके आणि अभ्यासक्रम वाचून मुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांत तिथे बहुसंख्य महिला आहेत. त्याआधी 2014 मध्ये उत्तरेत दृष्टिबाधितांनीच चालवलेला ‘रेडिओ उडान’ सुरू झाला होता. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र 2003 पासून सुगम तंत्रज्ञानाचे शिक्षण देते. मराठी ब्रेलमध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे पाक्षिक 2008 मध्ये निघाले, तेव्हा बातमी स्वतः वाचण्याचे सुख अनेकांना प्रथमच मिळाले.

नाशिकचे काय? इथे सातपूरला नॅब या अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे मुख्यालय आहे, म्हणजे राज्यभरच्या अंधांच्या कामाचे एक केंद्र याच शहरात आहे. 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथलेच, आणि घरी बसून शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याला श्राव्य धडे देण्यासाठी त्याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, ज्याच्या कपाटांतली मराठी पुस्तके आवाजात यायची वाट पाहत आहेत. आकाशवाणीचे केंद्र आहे. आणि ‘रेडिओ विश्वास’ हे 90.8 वरचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. करोनाच्या काळात, जून 2020 पासून, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी या केंद्राने शिक्षकांचे धडे मुद्रित करून प्रसारित केले. या कामाची दखल राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत घेतली गेली. ज्या मुलांकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी ती शाळा होती. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. जो धडा फळ्याशिवाय, केवळ आवाजातून समजेल असा तयार केला जातो, तो अंध विद्यार्थ्यासाठी आपोआप तयार होतो. ‘आकृतीत पाहा’ म्हणायची सोय शिक्षकाला नसते; आकृती शब्दांत सांगावीच लागते.

इतक्या संस्था एका शहरात असताना त्यांच्यामध्ये पूल बांधणारी माणसे अंधच असावीत, असे मला वाटते. वाचनालयातले पुस्तक वाचणारा डोळस असेल, पण ते तपासणारा, कापणारा, प्रकरणांची खूण लावणारा आणि प्रसारणाला देणारा अंध तंत्रज्ञ असू शकतो. कायद्याची अडचणही आता उरलेली नाही. 2012 मधल्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकाची सुगम प्रत करायला मुभा मिळाली. याच हेतूने 2013 मध्ये झालेला मराकेश करार 2014 मध्ये मंजूर करणारा भारत हा पहिला देश. 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा, म्हणजे कलम 21 चा भाग असल्याचे सांगितले. ते प्रकरण बँकांच्या केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या पद्धतीचे होते, पण बिननावाच्या बटणाला तो निकाल तितकाच लागू आहे असे मी मानते.

डिजिटल प्रसारणाबद्दल थोडे. आकाशवाणीने मध्यम लहरींवरचे सुमारे 35 ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीसाठी सज्ज केले आहेत. आवाज स्वच्छ येतो, एका लहरीवर एकाहून अधिक वाहिन्या बसतात आणि सोबत मजकूरही पाठवता येतो. पण संच अजून मुख्यतः काही मोटारींतच बसवलेले मिळतात, आणि वाहिन्यांची यादी पडद्यावर येते. घरगुती संच स्वस्त होऊन बाजारात येतील तेव्हा ते बोलके असावेत, किमान एका बाजूला हाताला लागणारी चकती असावी, ही मागणी आत्ताच करायला हवी. संच तयार होऊन दुकानात आल्यावर त्यात बदल होत नाहीत.

आता पुस्तक वाचायचे कसे, ते सांगते. पहिली तीन प्रकरणे ज्याला एनव्हीडीए येते त्याने गाळली तरी चालतील. संपादनाचे प्रकरण मात्र संगणक समोर ठेवूनच वाचावे, किंवा ऐकावे. प्रत्येक कळ दाबून पाहिल्याशिवाय पुढचा परिच्छेद कळणार नाही. सरावासाठी दिलेल्या ध्वनिफितींत मुद्दाम चुका ठेवल्या आहेत: खोकला, दोनदा वाचलेली ओळ, मध्येच बंद झालेला पंखा. सगळ्या सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. रीपरचे प्रकरण अवघड आहे आणि ते शेवटी ठेवले हे योग्य झाले. कळांची यादी ब्रेलमध्येही मिळेल. ती मांडीवर ठेवून काम करता येते. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एखादी कळ बदलली तर वाचकांनी ती प्रशिक्षकांना कळवावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल.

डोळस वाचकांसाठी एक छोटे प्रकरण आहे, नवव्या क्रमांकाचे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी, रेडिओ केंद्रांच्या तंत्रज्ञांनी आणि संहिता टाइप करणाऱ्यांनी ते वाचावे. त्यात एक प्रयोग सांगितला आहे: आपल्या केंद्राचे अ‍ॅप फोनवर उघडा, टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर चालू करा, पडदा झाका आणि फक्त ऐकून कार्यक्रम लावून दाखवा. बटणाला नाव नसेल तर ते त्याच दिवशी द्या. माझ्या ओळखीच्या एका प्रोग्रामरने चहा येईपर्यंत सहा बटणांना नावे दिली.

ज्या प्रशिक्षकांनी आपल्या नोकऱ्या सांभाळून हे धडे लिहिले, ज्या विद्यार्थ्यांनी ते करून पाहून ‘हे कळत नाही’ असे स्पष्ट सांगितले, त्या सर्वांचे मी आभार मानते. ज्याने माझे इतिहासाचे प्रकरण साफ केले त्यानेच या पुस्तकाच्या ध्वनिमुद्रित आवृत्तीचे संपादन केले आहे. माझी प्रस्तावना मीच वाचली आहे, आणि श्वास कुठे ठेवायचे ते त्याने ठरवले आहे.